विजेचे माप आणि लोखंडाची दलाली



ह्या मांडवात काल आपण संतवाङ्मयावर ऐकलेत आणि परवा इतिहासावर. आज आपल्यापुढे एक वीज-अभियंता उभा आहे आणि त्याचा विषय आहे विजेचे माप. विषय रुक्ष आहे हे मी आरंभीच कबूल करून टाकतो. परंतु तो परका मात्र नाही. आपण वाण्याच्या दुकानात जातो तेव्हा बोलणे चालू असले तरी आपली नजर तराजूच्या काट्यावर असते. दूधवाला माप भरतो तेव्हा वर दूध किती आणि फेस किती हे आपण न बोलता पाहून घेतो. विजेच्या बाबतीत मात्र सारी दृष्टीआड सृष्टी! माल दिसत नाही, माप दिसत नाही, मोजणारा दिसत नाही. महिनाअखेर एक आकडा येतो आणि आपण पैसे भरतो. हा विश्वास कशाच्या आधारावर उभा आहे, आणि तो आधार पक्का करण्यासाठी शास्त्रज्ञांनी काय काय केले, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम एक हकिगत सांगतो. काही वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात शेतकऱ्यांची सहकारी पाणीपुरवठा संस्था होती. नदीचे पाणी मोटारपंपाने वर चढवावयाचे आणि सभासदांच्या शेतांना द्यावयाचे, असा तिचा व्यवहार. संस्थेच्या चिटणिसांची तक्रार अशी, की पंप किती तास चालला ह्याचा हिशेब आमच्या वहीत आहे, त्या मानाने विजेचे बिल जास्त येते. वीज देणाऱ्या कचेरीने मीटर काढून नेले, तपासले आणि ते बिनचूक असल्याचा दाखला दिला. दाखला खरा होता. मग वही खोटी म्हणावी, तर चिटणीस हे पै-पैचा हिशेब ठेवणारे गृहस्थ. दोन्ही बाजू प्रामाणिक आणि तरीही हिशेब जुळत नाही! माझ्याकडे ते प्रकरण आले तेव्हा मलाही थोडे कोडे पडले. त्या कोड्याचे उत्तर मी शेवटी सांगेन, कारण ते समजण्यापूर्वी मापाची रीत समजली पाहिजे.

आपल्या घरी जी वीज येते ती सगळीच्या सगळी मीटरमधून जाते. पाच-दहा अँपिअरचा प्रवाह, तो पेटीतून फिरवून आणणे अवघड नाही. पण साखर कारखाना, कापडाची गिरणी, शहराची पाणीयोजना ह्यांचा प्रवाह शेकडो अँपिअरचा असतो, आणि पुष्कळदा तो हजारो व्होल्टांच्या दाबाखाली असतो. एवढा प्रवाह मीटरमध्ये नेणे म्हणजे घागर भरून पाहण्यासाठी नदी घरात वळविण्यासारखे आहे. तेव्हा युक्ती अशी करतात, की मोठ्या प्रवाहाची एक लहानशी, पण हुबेहूब प्रतिकृती तयार करावयाची आणि मीटरने ती प्रतिकृती मोजावयाची. चारशे अँपिअरच्या ठिकाणी पाच अँपिअर मोजावे आणि आलेल्या आकड्याला ऐंशीने गुणावे. ही प्रतिकृती तयार करणाऱ्या साधनाला प्रवाह-रोहित्र म्हणतात. वायरमन मंडळी त्याला 'सी. टी.' म्हणतात आणि आपणही आज तेच नाव वापरू. ध्यानात ठेवा, गुणाकार ऐंशीचा आहे, म्हणजे प्रतिकृतीत राईएवढी चूक झाली तर तीही ऐंशीने गुणली जाते.

हे साधन चालते कसे? १८२० साली कोपनहेगन येथे ऑर्स्टेड ह्या प्राध्यापकांना दिसले, की तारेतून वीज वाहू लागली म्हणजे जवळची होकायंत्राची सुई हलते. म्हणजे विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकत्व असते. पुढे २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनमध्ये मायकेल फॅरेडे ह्यांनी लोखंडाच्या एका कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यात वीज सोडताना आणि ती तोडताना दुसऱ्या, अगदी अलग असलेल्या वेटोळ्यात क्षणभर वीज उत्पन्न होते असे त्यांना आढळले. चुंबकत्व स्थिर असताना काही घडत नाही, ते बदलताना मात्र घडते. आपल्या देशातील वीज ही प्रत्यावर्ती आहे, म्हणजे ती सेकंदाला पन्नास वेळा पुढे जाते आणि पन्नास वेळा मागे येते. तिचे चुंबकत्व सतत बदलतच असते. त्यामुळे फॅरेडेंच्या कड्यात जे क्षणभर घडले ते आपल्या सी. टी.मध्ये अखंड घडत राहते.

सी. टी. म्हणजे दुसरे-तिसरे काही नसून फॅरेडेंचे तेच कडे होय. कड्याच्या मधल्या भोकातून मोठ्या प्रवाहाची जाड तार आरपार जाते. कड्यावर बारीक तारेचे, समजा, ऐंशी वेढे असतात आणि त्या वेढ्यांची दोन टोके मीटरला जोडलेली असतात. जाड तार एकदाच जाते, तिच्यात चारशे अँपिअर. बारीक तार ऐंशी वेळा जाते, तिच्यात पाच अँपिअर. चारशे एके चारशे आणि पाच ऐंशी चारशे. दोन्ही पारडी समतोल. बारीक तारेतील प्रवाह मोठ्या प्रवाहाच्या चुंबकत्वाला विरोध करीत असतो आणि दोघांची जवळजवळ फिटंफाट होते.

मी 'जवळजवळ' म्हटले, आणि आजचे सारे व्याख्यान त्या एका शब्दावर आहे. फिटंफाट जर संपूर्ण झाली तर कड्याच्या लोखंडात चुंबकत्वच उरणार नाही. आणि चुंबकत्व नसेल तर बारीक तारेतून प्रवाह ढकलणार कोण? तेव्हा थोडे चुंबकत्व लोखंडात राहावेच लागते, आणि ते राखण्यासाठी मोठ्या प्रवाहातला थोडा अंश खर्ची पडतो. तळे राखील तो पाणी चाखील! लोखंड हा मधला दलाल आहे. मोठ्या तारेकडून घ्यावयाचे आणि लहान तारेला पोहोचवावयाचे हा त्याचा धंदा, आणि त्या धंद्यात तो आपली दलाली कापून घेतो. दलाली ठरलेली असती तर हरकत नव्हती. तेवढी मिळवून हिशेब केला असता. पण ही दलाली कामाप्रमाणे बदलते. माल कमी असला म्हणजे ती प्रमाणाने अधिक बसते, कारण फार क्षीण चुंबकत्वाच्या वेळी लोखंड आळशी असते; त्याच्यात चुंबकत्व सहजी शिरत नाही.

शिवाय ही दलाली दोन प्रकारची असते. पहिला प्रकार सरळ आहे : पाच अँपिअर पोहोचवावयाचे तेथे किंचित कमी पोहोचतात. दुसरा प्रकार अधिक कावेबाज आहे. माल पुरा पोहोचतो, पण वेळ चुकते. प्रतिकृतीची लाट मूळ लाटेच्या किंचित पुढे सरकते. हिला कलेतील चूक म्हणतात. ती अंशांत मोजतात आणि अंशाच्या साठाव्या भागाला मिनिट म्हणतात.

वेळ किंचित चुकली तर बिघडले कोठे, असे आपणास वाटेल. ह्यासाठी जात्याचे उदाहरण घेऊ. दोघी जणी समोरासमोर बसून दळीत असल्या म्हणजे दोघींचे हात एका लयीत पडावे लागतात. लय जमली तर जाते हलके फिरते. एकीचा हात मागे राहिला तर दोघींची शक्ती तीच, पण पीठ कमी. विजेतही दाब आणि प्रवाह अशा दोघी आहेत. दिवा आणि शेगडी ह्यांत दोघींची लय जुळलेली असते. मोटारीत मात्र प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो. लय किती जुळली आहे हे सांगणाऱ्या आकड्याला शक्तिगुणक म्हणतात. पुरती जुळली तर १, अर्धे काम होत असेल तर ०.५. युनिटांची मोजणी करणारे मीटर ह्या लयीवरच अवलंबून असते. आता प्रतिकृतीतला प्रवाह जर खऱ्या प्रवाहाच्या पुढे सरकला, तर मागे रेंगाळणारा प्रवाह मीटरला कमी रेंगाळलेला दिसतो आणि मीटर अधिक युनिटे नोंदवते! अर्ध्या अंशाची चूक घेतली तर शक्तिगुणक १ असताना तिचा परिणाम नगण्य असतो; तो ०.५ असेल तर तीच चूक शेकडा दीड होते, आणि ०.२ असेल तर शेकडा सव्वाचाराच्या वर जाते. चूक तीच, पण गिऱ्हाईक बदलले की तिची किंमत बदलते.

म्हणून सी. टी.ला वर्ग ठरवून दिलेले आहेत. ०.५ वर्गाच्या सी. टी.ने पूर्ण प्रवाहावर अर्ध्या टक्क्यापेक्षा आणि तीस मिनिटांपेक्षा अधिक चुकू नये. प्रवाह पाचव्या हिश्शावर आला तर मर्यादा पाऊण टक्का आणि पंचेचाळीस मिनिटे; विसाव्या हिश्शावर आला तर दीड टक्का आणि नव्वद मिनिटे. पाहा, नियमानेच कबूल केले आहे, की थोड्या मालावर दलाली जास्त पडणार. अधिक काटेकोर अशा ०.२ एस वर्गात मात्र प्रवाह शंभराव्या हिश्शापर्यंत उतरला तरी किती चुकावे ह्याला बंधन आहे.

आता मुख्य प्रश्न : ही दलाली कमी कशी करावयाची? गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ह्यावर नाना उपाय निघाले. पण मला त्या सर्वांत एकच सूत्र दिसते. लोखंडावर सक्ती करून ते अधिक प्रामाणिक होत नाही. त्याच्यावरचे काम कमी केले म्हणजे ते आपोआप प्रामाणिक होते.

पहिला उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. सी. टी.पासून मीटरपर्यंत ज्या तारा जातात त्यांतून प्रवाह ढकलण्याचे काम लोखंडाच्या माथी असते. ह्याला 'बर्डन' म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत ओझे. समजा, मीटर शंभर मीटर दूर आहे. जाण्यायेण्याची दोनशे मीटर तांब्याची तार, जाडी अडीच चौरस मिलिमीटर. तिचा रोध होतो सुमारे १.४ ओहम. पाच अँपिअर तीतून न्यावयाचे तर ओझे पडते चौतीस-पस्तीस व्होल्ट-अँपिअर. तेच सी. टी. पाच अँपिअरऐवजी एक अँपिअर देणारे घेतले तर तारेचे ओझे पंचवीस पटींनी उतरून दीडाच्याही खाली येते. ह्यात नवा शोध कसलाच नाही, शहाणपणा तेवढा आहे. आजची इलेक्ट्रॉनिक मीटरे स्वतः फारच थोडे ओझे टाकतात. पुष्कळ ठिकाणी मीटरपेक्षा तारच जड असते.

दुसरा उपाय वेढ्यांचा. जाड तार कड्यातून एकदा नेण्याऐवजी दोनदा नेली आणि प्रमाण कायम राहावे म्हणून बारीक तारेचे वेढेही दुप्पट केले, तर प्रत्येक वेढ्याच्या वाट्याला येणारे चुंबकत्व निम्मे होते, आणि ज्या मालावर दलाली आकारावयाची तो माल दुप्पट होतो. निम्मी दलाली दुप्पट मालावर, म्हणजे चूक सुमारे चौथ्या हिश्शावर येते. लहान प्रवाह मोजताना हा उपाय फार उपयोगी पडतो.

तिसरा उपाय दलालच बदलण्याचा. चुंबकत्वाला वाट देण्याचा जो गुण असतो त्याला पार्यता म्हणतात. साध्या लोखंडापेक्षा सिलिकॉन मिसळलेले पोलाद बरे. ते विशिष्ट रीतीने लाटून त्यातले कण एका दिशेला लावले तर आणखी बरे; ह्या रीतीचे पेटंट अमेरिकेत १९३४ साली नॉर्मन गॉस ह्यांना मिळाले. शेकडा ऐंशीच्या आसपास निकेल असलेल्या मिश्रधातूची पार्यता त्याहून कितीतरी अधिक. पण ती महाग, धक्क्याने बिघडणारी, आणि चुंबकत्व वाढले की लौकर तुडुंब भरणारी. १९८८ साली जपानमध्ये योशिझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोखंड, सिलिकॉन, बोरॉन, नायोबियम आणि तांबे ह्यांची एक अत्यंत पातळ फीत प्रसिद्धीस आणली. तिच्यातील स्फटिककण मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे असतात. तिच्यात निकेलच्या मिश्रधातूसारखी उच्च पार्यता आहे आणि तुडुंब भरण्याची मर्यादाही तिच्याहून वरची आहे. आज उत्तम प्रतीच्या सी. टी.त अशी फीत वापरतात.

परंतु उत्तम लोखंडसुद्धा एका फटीने मातीमोल होते. वायरमनच्या हातात आपण 'टाँग टेस्टर' पाहिला असेल. चिमट्यासारखा जबडा उघडावयाचा, तार आत घ्यावयाची, जबडा मिटावयाचा, की प्रवाह दिसतो. सोय मोठी, पण जबड्याच्या दोन ओठांमध्ये धूळ बसली तर काय होते पाहा. समजा, जबड्यातील लोखंडी वाट दोनशे मिलिमीटर लांब आहे आणि लोखंडाची पार्यता हवेच्या दहा हजार पट आहे. म्हणजे ती सबंध वाट चुंबकत्वाला हवेच्या ०.०२ मिलिमीटर अंतराएवढीच वाटते. आता ओठांत ०.१ मिलिमीटर, म्हणजे पातळ कागदाएवढी, फट राहिली, तर ती एकटी फट सबंध लोखंडाच्या पाचपट अवघड झाली! एकूण दलाली सहापट झाली. तेव्हा टाँग टेस्टरचे ओठ स्वच्छ फडक्याने पुसणे हाही अचूकतेचाच एक उपाय आहे, आणि तो करणारा शिकाऊ उमेदवार माझ्या दृष्टीने निम्मा शास्त्रज्ञ आहे.

येथपर्यंतचे उपाय दलाली कमी करणारे होते. आता जे सांगतो त्यात खरी बुद्धिमत्ता दिसते. १९२२ साली ब्रूक्स आणि होल्ट्झ ह्या दोघा अमेरिकनांनी दोन टप्प्यांचे सी. टी. मांडले. पहिल्या कड्याकडून जेवढे कमी पोहोचते तेवढेच नेमके दुसऱ्या कड्याला जाणवते आणि तो ते उणे भरून काढतो. दुसऱ्या कड्यावर काम फारच थोडे, म्हणून त्याची दलालीही फारच थोडी. चुकीची जी चूक उरते ती नगण्य होते. पुढे १९६० नंतरच्या दशकात कॅनडात ओटावा येथील राष्ट्रीय संशोधन मंडळात कस्टर्स, मूर आदी संशोधकांनी ह्या विचाराला पूर्णता आणली. त्यांच्या साधनात कड्यातील दोन प्रवाहांची फिटंफाट झाली की नाही हे एक संवेदक वेटोळे पाहते, आणि पूर्ण शून्य येईपर्यंत प्रवाह जुळविला जातो. दशलक्षात एखाद-दुसऱ्या भागाइतकी अचूकता ह्या रीतीने साधते. देशोदेशींच्या प्रयोगशाळांत सी. टी. तपासण्यासाठी असली साधने ठेवलेली असतात.

ह्यातील मर्म आपल्याला बाजारातही सापडेल. ताणकाटा आणि तराजू ह्यांत फरक काय? ताणकाट्याची स्प्रिंग किती ताणली हे मोजावे लागते. स्प्रिंग जुनी झाली, उन्हाने सैल झाली, की माप बिघडले. तराजूच्या काट्याला मात्र एकच गोष्ट ओळखावयाची असते : मध्यावर आहे की नाही. शून्य ओळखणे हे किती आहे ते सांगण्यापेक्षा नेहमीच सोपे असते. हॉल-संवेदकांच्या बाबतीत हेच घडले. १८७९ साली अमेरिकेत एडविन हॉल ह्या विद्यार्थ्याने सोन्याच्या पातळ पत्र्यावर प्रयोग करून दाखविले, की वीज वाहत असलेल्या पत्र्याला चुंबकाजवळ धरले तर त्याच्या आडव्या बाजूंमध्ये थोडा दाब उत्पन्न होतो. आज हेच काम तांदळाएवढा अर्धवाहकाचा तुकडा करतो. कड्याला एक फट ठेवून तीत हा तुकडा बसविला की तो प्रवाह सांगू लागतो. पण तो ऊन-थंडीने बहकतो. प्रवाह नसतानाही थोडा दाब दाखवितो. मग त्याच्याकडून ताणकाट्याचे काम न घेता तराजूच्या काट्याचे काम घ्यावे, असा विचार निघाला. कड्यावर आणखी एक वेटोळे घालावयाचे, त्यात उलट प्रवाह सोडावयाचा आणि तुकड्याला चुंबकत्व शून्य दिसेपर्यंत तो वाढवावयाचा. मग मोजावयाचा तो हा उलट प्रवाह. तुकड्याचा बहकलेपणा सगळाच जात नाही, पण बराचसा निष्प्रभ होतो.

ह्याच्या उलट टोकाला, दलालच नको असे म्हणणारा एक पंथ आहे. इंग्लंडमध्ये १८८७ साली चॅटॉक ह्यांनी आणि जर्मनीत १९१२ साली रोगोव्स्की आणि स्टाइनहाउस ह्यांनी लोखंडावाचून वेटोळे केले. लवचिक नळीवर बारीक तार एकसारखी गुंडाळावयाची, तिचे एक टोक नळीच्या मधूनच परत आणावयाचे आणि ती माळेसारखी जाड तारेभोवती घालावयाची. ह्याला रोगोव्स्की वेटोळे म्हणतात. लोखंड नाही, म्हणून तुडुंब भरणे नाही आणि दलालीही नाही. मीटरजवळ मोठा लोहचुंबक आणून ठेवण्याची जी चोरटी युक्ती काही मंडळी करतात, तिचा लोखंडी सी. टी.वर परिणाम होऊ शकतो. ह्या वेटोळ्यावर होत नाही, कारण स्थिर चुंबकत्व त्याला दिसतच नाही. पण फुकट काही मिळत नाही. हजार अँपिअरला त्यातून सामान्यतः व्होल्टाच्या दहाव्या भागाएवढा क्षीण दाब मिळतो. तो प्रवाहाचा नसून प्रवाह बदलण्याच्या वेगाचा असतो, म्हणून पुढे इलेक्ट्रॉनिक मंडलाने त्याची बेरीज करावी लागते. तार माळेच्या मध्यावर नसली किंवा टोके जुळतात तेथे गुंडाळी विरळ असली तर पुन्हा चूक येते. येथे लोखंडाची जागा कारागिराच्या हाताने घेतलेली असते, आणि अचूकता त्याच्या एकसारख्या गुंडाळीत असते.

आजकाल आणखी एक उपाय सहज झाला आहे. मीटरमध्ये गणिताची चिप असते. सी. टी. कोणत्या प्रवाहावर किती चुकते हे आधी मोजून त्या चिपला सांगून ठेवले, तर ती तेवढी दुरुस्ती करून घेते. हा उपाय चांगला आहे, पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. जी चूक माहीत आहे आणि जी आज आहे तशीच उद्या राहणार आहे, तीच गणिताने पुसता येते. एखाद्या वायरमनने चालू लाईनवर सी. टी.ची बारीक तार उघडी सोडली, तर तिच्या टोकांवर जीवघेणा दाब येतोच, शिवाय लोखंडात शिळे चुंबकत्व साठून राहू शकते आणि कालची दुरुस्ती आज लागू पडत नाही. मग प्रत्यावर्ती प्रवाह हळूहळू वाढवून पुन्हा शून्यावर आणीत ते चुंबकत्व उतरवावे लागते. मुळात स्थिर असलेले साधनच गणिताचा फायदा घेऊ शकते. लहरी दलालाचा हिशेब कोणतीही चिप ठेवू शकत नाही.

आता आपण त्या नदीकाठच्या पंपाकडे परत जाऊ. मी तेथे गेलो तेव्हा मीटर पाहिलेच नाही. ते तपासलेलेच होते. मी सी. टी.ची पाटी वाचली. चारशेला पाच, वर्ग ०.५, ओझे दहा व्होल्ट-अँपिअर. योजना आखली तेव्हा मोठी होती, म्हणून सी. टी. चारशेचे. पण निधी संपला आणि पंप एकच बसला. प्रवाह अवघा चाळीस अँपिअर, म्हणजे दहावा हिस्सा. मोटार तिच्या ताकदीपेक्षा पुष्कळ कमी भारावर चालत होती, म्हणून शक्तिगुणक ०.६. नदीला पूर येतो म्हणून मीटर उंचावर, साठ मीटर दूर. प्रत्येक सी. टी.पासून जाण्यायेण्याच्या दोन स्वतंत्र तारा, जाडी दीड चौरस मिलिमीटर. एकशे वीस मीटर तारेचा रोध तोच, सुमारे १.४ ओहम. म्हणजे दहाचे ओझे वाहणाऱ्याच्या डोक्यावर चौतीस! सी. टी.ची तपासणी केली तेव्हा त्या प्रवाहावर आणि त्या ओझ्याखाली प्रतिकृती शेकडा एकाने कमी, आणि कलेत दोन अंश पुढे आढळली. प्रवाह एक टक्का कमी पोहोचत होता. पण दोन अंशांच्या चुकीने, ०.६ शक्तिगुणकावर, मीटर साडेचार टक्क्यांहून अधिक वर जात होते. निव्वळ वाढ शेकडा साडेतीन. माल कमी पोहोचत होता आणि बिल मात्र वाढत होते. चिटणिसांची वही खरी, मीटरचा दाखलाही खरा, आणि दोघांच्या मधली साठ मीटर तार मात्र कोणीच पाहिली नव्हती.

उपाय साधे होते. मीटर सी. टी.च्या जवळ, पण पुराच्या रेषेवर बसविले. पन्नासला पाचचे सी. टी. घातले, मोटारीला योग्य तो कपॅसिटर जोडून शक्तिगुणक सुधारला. पुढच्या उन्हाळ्यात वही आणि बिल जुळले.

शेकडा साडेतीन ही काही लूट नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण त्या गावात एव्हाना काय झाले होते ते मी पाहिले होते. सभासद चिटणिसांकडे संशयाने पाहू लागले होते; चिटणीस वीज कचेरीला चोर म्हणत होते; आणि कचेरीतील कारकून म्हणत होता, की हे शेतकरी नेहमी असेच रडतात. चोर कोणीच नव्हता. चुकीचे माप पैशांचे जेवढे नुकसान करते त्याहून कितीतरी अधिक नुकसान माणसामाणसांतील विश्वासाचे करते. उलट चूकही मी पाहिली आहे. एका ठिकाणी तीन सी. टीं.पैकी एकाच्या तारा उलट जोडलेल्या होत्या. दोन मिळवायचे आणि एक वजा करायचे. तीन युनिटांच्या जागी मीटर एकच युनिट नोंदवीत होते. तो तोटा वीज देणाऱ्याच्या, म्हणजे अखेर आपल्या सर्वांच्याच माथी येतो.

म्हणून माझी आपणास विनंती आहे. आपल्यापैकी कोणी गृहनिर्माण संस्थेचे, कोणी कारखान्याचे, कोणी पाणीयोजनेचे काम पाहत असाल. मीटरचा दाखला मागा, पण तेवढ्यावर थांबू नका. सी. टी.च्या पाटीवरचा आकडा आणि बिलावरचा गुणक जुळतो का, ते पाहा. आपला नेहमीचा प्रवाह त्या आकड्याच्या मानाने फारच थोडा नाही ना, हे विचारा. तार किती लांब, किती जाड आणि तिचे ओझे पाटीवरच्या मर्यादेत आहे का, हे विचारा. उघडण्यास मात्र स्वतः हात लावू नका. ते काम जाणकाराचे आहे. आणि जे वीज कचेरीत काम करतात त्यांना इतकेच सांगावयाचे, की ग्राहकाने प्रश्न विचारला म्हणजे तो चोरच आहे असे समजू नये. कदाचित् तो आपल्या वहीतून तुमच्याच तारेची चूक दाखवीत असेल.

बिनचूक असे माप जगात नाही. सोनाराच्या काट्यालाही मर्यादा असते. शास्त्राने आपल्याला दिले आहे ते हे, की चूक किती आहे हे सांगता यावे, ती मर्यादेत ठेवता यावी आणि दोन्ही पक्षांना ती पाहता यावी. त्यासाठी कोणाला कड्याच्या लोखंडात कणाकणाने सुधारणा करावी लागली, कोणाला चुकीवर दुसरी चूक तोलून धरण्याची युक्ती काढावी लागली, आणि कोणाला नुसती तार बदलावी लागली. ह्या तिन्ही कामांची योग्यता मी सारखीच मानतो.